गाडीतला वायरलेस सेट : भीती कुठे, धोका कुठे



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा कल्पनांविषयी बोलतो. आज एका डब्याविषयी बोलायचं आहे. जाडसर शब्दकोशाएवढा, सव्वा-दीड किलो वजनाचा, पुढे चार-दोन बटणं आणि पिळदार वायरला लटकलेला माईक. पोलिसांच्या गाडीत, अग्निशमन दलाच्या बंबात आपण तो पाहिलेला असतो. आपण त्याला वायरलेस सेट म्हणतो, हॅम मंडळी 'रिग' म्हणतात. असा सेट आपल्या खासगी मोटारीत बसवायचा आणि वापरायचा असेल तर काय काळजी घ्यावी, हा आजचा विषय.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काही जणांनी विचारलं. कारण साधं आहे. या विषयात माणसांची भीती एका ठिकाणी असते आणि धोका दुसऱ्याच ठिकाणी. दोरीला साप समजणारा माणूस आपल्या वेदान्ताच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण दोरीला घाबरून मागे सरकताना ज्याचा पाय खऱ्या सापावर पडतो, त्या माणसाचा विचार आपण फारसा करत नाही. गाडीत सेट बसवणारे पुष्कळ लोक हे असे असतात. पहिला प्रश्न ठरलेला : "लहरींनी डोक्याला काही होतं का हो? मागे नातवंडं बसतात." फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर बसवला, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि आग लागते ती तिथे.

आधी सेट हवाच कशाला, ते थोडक्यात पाहू. मोबाईल असताना हे जुनं खूळ कशाला, असं तरुण मंडळी म्हणतात. मोबाईल टॉवरवर चालतो, टॉवर विजेवर आणि केबलवर. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि २६ जानेवारी २००१ ला कच्छचा, तेव्हा नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली आणि हॅम मंडळींनी आपापले सेट लावून निरोप पोचवण्याचं काम केलं. सेटला मधला टॉवर लागत नाही. तुमची अँटेना आणि समोरच्याची अँटेना, बस्स. सह्याद्रीच्या घाटात जिथे मोबाईलची कांडी गायब होते तिथे दोन गाड्या एकमेकींशी बोलू शकतात, ही गोष्ट आजही किरकोळ नाही.

कायद्याचं मात्र स्पष्ट सांगून पुढे जाऊ. सेट विकत मिळतो म्हणून वापरता येतो, असं नाही. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून हा विषय परवान्याचा आहे, आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदाही आला आहे. हौशी वापरासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही ती देऊ शकतो. मग व्हीयू अक्षरांनी सुरू होणारी कॉल साईन मिळते. गाड्यांमध्ये बहुतेक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. चालत्या गाडीतून प्रक्षेपण करण्याबद्दल आपल्या परवान्यात काय लिहिलं आहे, ते आधी वाचून घ्यावं. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सिटिझन बँड म्हणून एक पट्टा आहे, तिथे ५ वॅटपर्यंतच्या, अंगभूत अँटेनाच्या सेटना परवान्यातून सूट आहे. 'अंगभूत' हा शब्द ध्यानात ठेवा. त्याच सेटला बाहेरून टपावर अँटेना जोडली की सूट संपली. ऑनलाइन दुकानांतून स्वस्त वॉकीटॉकी मागवणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल मोठमोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. बॅटरी.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. त्यामुळे तिच्याबद्दल एक प्रकारची आपुलकी असते. घरातल्या २३० व्होल्टला आपण घाबरतो, बाराला नाही. हात लावला तर झटका बसत नाही, हे खरंच आहे. पण झटका व्होल्टवर अवलंबून असतो आणि वायर तापणं अँपिअरवर. हीच बॅटरी स्टार्टर फिरवायला शंभर-दोनशे अँपिअर सहज देते आणि तिचे दोन टोक थेट जुळले तर त्याहूनही कितीतरी जास्त. घरातला प्रवाह मर्यादेपलीकडे गेला तर एमसीबी पडतो. बॅटरीच्या टर्मिनलवर असा कोणी राखणदार नाही. तिथून निघालेली वायर कुठेतरी सोलवटली आणि गाडीच्या पत्र्याला लागली, की गाडीचा सगळा पत्रा म्हणजेच बॅटरीचं दुसरं टोक असल्यामुळे, बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतते. काही सेकंदांत तांबं लाल होतं, वरचं प्लॅस्टिक पेटतं, आणि शेजारी इंधनाची नळी असते.

म्हणून फ्यूज. पण फ्यूज कशासाठी असतो, याबद्दलचा गैरसमज फार घट्ट आहे. लोक म्हणतात, सेट जळू नये म्हणून. तसं नाही. मुख्यतः फ्यूज वायर वाचवतो. सेटचं नुकसान बऱ्याचदा फ्यूज उडायच्या आत होऊन जातं, तो भाग वेगळा. एकदा हे पटलं की फ्यूज कुठे बसवायचा या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. समजा फ्यूज सेटच्या पाठीशी, डॅशबोर्डखाली आहे आणि वायर इंजिनकडच्या पत्र्यातून जाताना घासली. प्रवाह बॅटरीतून निघाला, घासलेल्या जागी पत्र्यात उतरला. फ्यूज त्या वाटेवर आलाच नाही! तो शेवटपर्यंत शाबूत राहील आणि गाडी जळून जाईल. म्हणून प्लस वायरवरचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत हवा. मधली प्रत्येक वीत ही राखणदाराविना सोडलेली वाट आहे.

सेटबरोबर कंपनीने जी वायर दिलेली असते तिच्यात फ्यूज असतो, पण ती बहुधा आखूड असते आणि फ्यूज सेटच्या बाजूला असतो. गॅरेजवाला ती कापून दुसरा तुकडा जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि "झालं साहेब" म्हणतो. झालेलं नसतं. बॅटरीजवळ नवीन फ्यूज होल्डर बसवून घ्या. सांधा पीळ मारून करायचा नाही, थिंबल दाबून किंवा डाग देऊन करायचा. पीळ मारलेला सांधा इंजिनच्या थरथरीने सैल होतो, सैल सांधा तापतो, तापला की आणखी सैल होतो. टेपचा गोंद तर एप्रिल-मे महिन्यात विरघळूनच जातो.

मग वायर केवढी जाड? इथे थोडा हिशेब करू. ५० वॅटचा सेट बोलताना साधारण १० ते १२ अँपिअर घेतो, ऐकताना एक अँपिअरपेक्षाही कमी. बॅटरीपासून सेटपर्यंत वायर चार मीटर धरा. जाऊन-येऊन आठ मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. आठ मीटरला जवळपास ०.१ ओहम झाला. त्यातून १२ अँपिअर गेले की वाटेतच १.२ व्होल्ट खर्च होतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर पावणेचौदा व्होल्टच्या आसपास देतो, त्यातून साडेबारा उरले तर चालून जातं. पण इंजिन बंद असताना बॅटरी स्वतःच साडेबारावर असते. वायरने सव्वा व्होल्ट खाल्ले की सेटला सव्वाअकरा मिळतात, आणि मग आवाज फाटतो किंवा बोलायचं बटण दाबलं की सेट बंदच पडतो. म्हणजे नेमका आपत्तीच्या वेळी, गाडी उभी करून, इंधन वाचवत बसलेले असताना. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या खाली येतो. फरक दोन-चारशे रुपयांचा. अशा वायरवर १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूज सारखा उडतो म्हणून ३० चा घालणं किंवा त्याजागी तारेचा तुकडा गुंडाळणं, हे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून देणं.

सिगारेट लाइटरच्या सॉकेटमधून घेतलं तर? ५ वॅटचा हातातला सेट चार्ज करायला चालेल. ५० वॅटच्या सेटला चालणार नाही. त्या सॉकेटची वायर बारीक असते, आतला स्पर्श स्प्रिंगवर टिकलेला असतो, आणि तो फ्यूज गाडीतल्या आणखी दोन-तीन गोष्टींना सामाईक असू शकतो.

मायनस वायरबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण भल्याभल्या वायरमनची इथे गफलत होते. मायनस म्हणजे अर्थ, तिथे कसला धोका, असं वाटतं. पण कल्पना करा, बॅटरीच्या मायनस टर्मिनलपासून गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनला जाणारी जाड पट्टी गंजून सैल झाली आहे. कोकणात, पावसाळ्यात, हे काही नवल नाही. तुम्ही चावी फिरवता. स्टार्टरला शंभरावर अँपिअर हवे आहेत आणि त्यांचा परतीचा हमरस्ता बंद झाला आहे. प्रवाह दुसरी वाट शोधतो. तुमच्या सेटचा डबा पत्र्याला स्क्रूने कसलेला आहे, अँटेनाच्या केबलची जाळीही टपाला लागलेली आहे, आणि सेटची मायनस वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर गेलेली आहे. वाट सापडली! स्टार्टरचा प्रवाह सेटच्या पोटातून जातो. प्लसवरचा फ्यूज या भानगडीत कुठेच नाही. म्हणून मायनस वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेली असेल तर तिच्यावरही टर्मिनलजवळ फ्यूज हवा.

दुसरा, आणि आजच्या गाड्यांत जास्त बरा मार्ग म्हणजे, बॅटरीची मायनस केबल ज्या जागी गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली असते, त्याच जागी सेटची मायनस वायर लावायची. नव्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती प्रवाह आला नि गेला याचा तो हिशेब ठेवतो. तुम्ही सेन्सरच्या अलीकडे, थेट टर्मिनलवर वायर लावली तर सेटने खाल्लेले अँपिअर त्याच्या वहीत चढतच नाहीत, आणि गाडीचा संगणक चुकीच्या आकड्यावर बॅटरी चार्ज करत राहतो. गाडीच्या माहितीपुस्तकात वायरलेस सेटबद्दल एखादं पान असतं. कोणी वाचत नाही ते. वाचा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, शेवटी मायनसच लावायचा. उलट केलं आणि प्लसवर पाना असताना तो पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना आणि पत्रा यांच्या मध्ये अंगठी सापडली तर ती बोटावरच तापते. आणि इंजिनकडच्या पत्र्यातून वायर केबिनमध्ये आणताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. तयार ग्रोमेटमधून आधीच वायरींचा जुडगा येत असतो, त्यातूनच जागा मिळाली तर उत्तम. नवीन भोक पाडायच्या आधी पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहावं.

आता डबा कुठे ठेवायचा. इथे भौतिकशास्त्राचा एक आकडा पुरेसा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतली प्रत्येक मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग हाच असतो. म्हणजे डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेला दीड किलोचा डबा हा तिसऱ्या मजल्यावरून कोणाच्या तरी चेहऱ्यावर टाकलेला दगड समजा. म्हणून तो धातूच्या पट्टीत, बोल्टने, पत्र्याला किंवा मजबूत सांगाड्याला कसलेला हवा. प्लॅस्टिकच्या पॅनेलला नाही.

दुसरं, एअरबॅग. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि आता सहा-सहा एअरबॅगच्या गाड्या आल्या आहेत. ही पिशवी डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते. तिच्या वाटेत सेट, माईकचा हूक किंवा मोबाईल होल्डर असेल तर ती त्याला उचलून तुमच्याकडेच फेकते. ज्या पॅनेलवर एअरबॅग असं लिहिलं आहे त्याच्या समोर, वर किंवा आसपास काहीही लावायचं नाही. खिडकीच्या वरच्या कडेला आणि पुढच्या खांबातही पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. अँटेनाची केबल त्या खांबाच्या आवरणातून खुपसून नेणारे कारागीर आहेत. त्यांना हात जोडून नको म्हणावं. केबल दाराच्या खालच्या उंबऱ्याच्या पट्टीतून न्यावी.

बऱ्याच सेटचं पुढचं पॅनेल सुटं होतं. मग मुख्य डबा सीटखाली किंवा डिकीत आणि छोटं पॅनेल डोळ्यांसमोर, असं करता येतं. ही सोय पैसे मोजून घ्यावी अशी आहे. फक्त डबा गालिच्यात गाडू नका. बोलताना तो बराच तापतो, त्याला हवा लागते. सरकत्या सीटच्या रुळाखाली वायर येत नाही ना, तेही सीट पुढेमागे करून पाहा.

आता लहरींकडे येऊ. भीती अगदीच अनाठायी नाही. पण ती मोजता येते, आणि मोजता येणाऱ्या भीतीचं ओझं कमी होतं. रेडिओलहरी अणूची मोडतोड करत नाहीत, क्ष-किरणांसारख्या त्या नाहीत. जास्त तीव्र असल्या तर शरीराला ऊब देतात, आणि मर्यादा त्यावरूनच ठरवल्या आहेत. या पट्ट्यात सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली घातलेली मर्यादा चौरस मीटरला २ वॅट अशी आहे. साधी उभी अँटेना आणि ५० वॅट धरून ढोबळ हिशेब केला तर सतत बोलत राहिलं तरी सुमारे १.८ मीटरच्या पलीकडे तीव्रता या मर्यादेखाली जाते. प्रत्यक्षात आपण अर्धाअधिक वेळ ऐकतच असतो, त्यामुळे सरासरी आणखी उतरते.

आणि आतल्या माणसांचं काय? अँटेना टपाच्या मध्यावर असेल तर तिच्या आणि नातवंडांच्या मध्ये लोखंडी पत्रा आहे. तो पत्रा लहरींना अडवतोच, शिवाय अँटेनाचं अर्धं काम तोच करतो. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटरच्या जरा वर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे जवळपास अर्धा मीटर. टपावर उभी केलेली अर्ध्या मीटरची काडी ही निम्मी अँटेना, उरलेली निम्मी म्हणजे खालचा पत्रा. म्हणून टपाचा मध्य ही सगळ्यात चांगली जागा : पल्ला सर्वांत जास्त आणि आतल्या माणसांवरचा मारा सर्वांत कमी. सुरक्षिततेची जागा आणि उपयोगाची जागा एकच निघाली, असं जगात क्वचित घडतं. उलट बॉनेटच्या कडेला किंवा काचेवर चिकटवलेली अँटेना काचेतून सरळ पुढच्या माणसाकडे पाहत असते. ज्या गाडीचं छत काचेचं आहे, तिथे टपाचा हा लाभ मिळत नाही. मग डिकीच्या झाकणाचा विचार करावा.

तेव्हा लहरींची खरी खबरदारी गाडीच्या आत नसून बाहेर आहे. धाब्यावर गाडी उभी आहे, कोणीतरी टपाला टेकून चहा पितोय, एखादं पोर अँटेनाशी खेळतंय, आणि तुम्ही आत बसून बोलायचं बटण दाबता. बोलत्या अँटेनाला हात लागला तर बोट भाजू शकतं. बटण दाबण्याआधी आरशात पाहावं. अँटेना जोडल्याशिवाय बटण दाबू नये, हे तर सेटच्याच जिवासाठी. बसवून झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने मोजून घ्यावं. आकडा दीडच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. तीनच्या वर गेला तर कुठेतरी केबल दारात चेमटली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं आहे. चुंबकावर बसणारी अँटेना सोयीची, पण पावसाळ्यात चुंबकाखाली पाणी साचून रंग फुगतो. मधूनमधून उचलून पुसावं.

गाडीतल्या संगणकांना सेटचा त्रास होतो का, याची परीक्षा रस्त्यावर घ्यायची नाही. मोकळ्या जागी गाडी उभी करून, हॅंडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून आधी कमी वॅटवर, मग पूर्ण वॅटवर बोलून पाहायचं. डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटला, इंजिन अडखळलं, वायपर आपोआप हलले, तर केबलचा मार्ग बदलायचा. तोवर गाडी चालवताना प्रक्षेपण बंद.

इथवर झाली ती यंत्राची बाजू. ती एकदाच नीट करायची असते. दुसरी बाजू रोज, दर मिनिटाला करायची असते, आणि आमच्या मते जास्त माणसं तिथे दगावू शकतात. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले तेव्हा गाडीतल्या शिपायाला फक्त ऐकू येत असे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावी गाडीतून उलट उत्तर देण्याची सोय झाली. मोठी सुधारणा होती. पण त्या दिवसापासून चालकाकडून उत्तराची अपेक्षाही सुरू झाली.

आपल्या न्यायदर्शनात मन अणू मानलेलं आहे. का? तर एकाच क्षणी दोन ज्ञानं उपजत नाहीत, असा अनुभव आहे म्हणून. डोळे उघडे, कान उघडे, पण मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं. ते इतक्या वेगाने इकडून तिकडे जातं की दोन्ही एकदम चाललंय असा भास होतो. नैयायिकांच्या अणूवर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्यांचं निरीक्षण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला तंतोतंत लागू पडतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरच्याची कॉल साईन नीट ऐकण्यात मन दोन सेकंद गुंतलं तर ३३ मीटर रस्ता डोळ्यांनी पाहिला, पण तुम्ही पाहिला नाही.

कोणी म्हणेल, शेजारच्याशी गप्पा मारतोच की आपण. मारतो. पण शेजारच्याला समोरचा ट्रक दिसतो, तो आपसूक गप्प होतो. सेटवरच्या माणसाला तुमचा रस्ता दिसत नाही. तो हवामान सांगत राहतो आणि तुम्ही वळण घेत असता. तो गप्प होणार नाही म्हणून तुम्ही गप्प व्हायचं. "घाटात आहे, दहा मिनिटांनी बोलतो", एवढं सांगून माईक हुकाला अडकवायचा. हॅमच्या रीतीत याचा राग कोणी धरत नाही. नव्या माणसाला मात्र उत्तर दिलं नाही तर उद्धटपणा वाटेल अशी भीड पडते. भिडेपोटी घाटात एका हाताने वळण घेणारे लोक आहेत!

सेटची एक गोष्ट मात्र फोनपेक्षा बरी : इथे एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि बोलणं तोकडं असतं. त्याचा फायदा घ्यावा. निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, चॅनेल लावून ठेवावेत. चालवताना मेनूत शिरायचं नाही, पडदा वाचायचा नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला. माईकही डाव्याच हाताला येतो. म्हणजे गिअर बदलायची वेळ आली की माईक मांडीवर पडतो, तिथून पायात, ब्रेकखाली. हुकाची जागा न पाहता हात जाईल अशी हवी, आणि पिळदार वायर पेडलपर्यंत लोंबणारी नको. शेजारी कोणी परवानाधारक बसला असेल तर माईक त्याच्याकडे. कायदाही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर, चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, दंड हजारापासून पाच हजारांपर्यंत आणि कैदही होऊ शकते. माझी कॉल साईन आहे, हे वाहतूक पोलिसापुढे उत्तर होत नाही. लांब बोलायचं असेल तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. पेट्रोल आणि सीएनजी पंपावर सेट बंद.

आणि एक सूचना जी शहरातल्या माणसाला सुचत नाही. घाटात रस्तारुंदीकरणाचं काम चालू असतं, खाणीजवळून रस्ता जातो, तिथे सुरुंग लावलेले असतात. विजेने उडणाऱ्या सुरुंगाच्या टोपीला लांब वायरी जोडलेल्या असतात, आणि लांब वायर म्हणजे न मागता मिळालेली अँटेना. जवळच्या जोरदार प्रक्षेपणाने तिच्यात प्रवाह निर्माण होऊ शकतो. सुरुंगाचा फलक दिसला की प्रक्षेपण बंद ठेवायचं आणि बरंच पुढे जाईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. ऐकायला हरकत नाही.

श्रोत्यांकडून दोन प्रश्न आले आहेत. पहिला, इलेक्ट्रिक गाडीत सेट बसवता येतो का? येतो. तिच्यातही दिवे-काचांसाठी बहुधा वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, वीज तिथूनच घ्यायची आणि आधी कंपनीला विचारायचं, कारण ती बॅटरी फार लहान असू शकते. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील. त्या शेकडो व्होल्टच्या असतात. तुम्हीही हात लावू नका, तुमच्या नेहमीच्या वायरमनलाही लावू देऊ नका.

दुसरा प्रश्न, सेट चालू राहिला तर बॅटरी उतरते का, आणि सेट चालू असताना गाडी स्टार्ट केली तर चालेल का? नुसता ऐकत राहिलेला सेट अर्धा अँपिअर खातो असं धरलं तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास झाले. छोट्या मोटारीची बॅटरी ३५ ची असते. तिसऱ्या दिवशी सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. आणि स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली बसतो नि झटक्याने वर येतो, ते सेटला मानवत नाही. यावर उपाय एकच : प्लस वायरवर, फ्यूजच्या पुढे, चावीवर चालणारा एक रिले बसवून घ्यायचा. स्टार्ट करताना ज्या वायरचा पुरवठा क्षणभर तुटतो, अशा वायरवरून त्या रिलेला इशारा द्यायचा. चावी काढली की सेट बंद, स्टार्टर फिरला की सेट बंद, इंजिन लागलं की पुन्हा चालू. आपत्तीत चावीशिवाय सेट लागेल म्हणून रिलेला वळसा घालणारा एक स्विच ठेवावा, आणि तो अशा जागी, की गुडघा लागून चुकून दाबला जाणार नाही.